कच्चे काढून ठेव

पक्कीताईच्या घरात औषधालासुद्धा एक रिकामी बरणी सापडायची नाही. बरणी रिकामी झाली रे झाली की ती कचऱ्याच्या डब्यात गेलीच म्हणून समजा. दांडा मोडलेली छत्री, मुलीचे आखूड झालेले बूट, मागच्या महिन्यातली वर्तमानपत्रं, सगळ्यांना तोच रस्ता. तिची सासू चांगले रिकामे डबे स्वतःच्या पलंगाखाली लपवून ठेवायची. नवरा म्हणायचा, "मी आपला मधूनमधून हलत असतो बाबा. फार वेळ एका जागी बसलो तर ही मलाही उचलून बाहेर ठेवेल." यावर पक्कीताई हसायची आणि हसता हसता त्याच्या हातातला चहाचा कप काढून न्यायची, तळाशी घोटभर चहा असला तरी.

बाई वाईट नव्हती हो. कामाला वाघ होती. फक्त पसारा दिसला की तिचं डोकं फिरायचं, आणि हात डोक्याच्या आधी चालायचा. तिची आई म्हणायची, हिला देवाने हात दोन दिले पण ब्रेक द्यायचा विसरला.

ती काम करायची तिच्या मामाच्या फोटोच्या दुकानात. आईचा धाकटा भाऊ तो, पण अख्खा बाजार त्याला मामाच म्हणायचा. घड्याळवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतभर फ्रेमा, मागच्या खोलीत पांढरा पडदा, दोन उंच दिवे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. मामाचा स्वभाव भाचीच्या बरोबर उलटा. तुटलेल्या कॅमेऱ्याचा पट्टा, झाकणं हरवलेल्या लेन्सा, लेन्सा हरवलेली झाकणं, कुणाकुणाचे न नेलेले फोटो, सगळं जपून ठेवायचा. "असू दे गं, जागेला काय खातंय?" हे त्याचं पालुपद. त्यावर भाचीचं ठरलेलं उत्तर, "जागाच खातंय, मामा!"

आता तिला पक्कीताई का म्हणायचे, ते सांगायला हवं. मोठा कॅमेरा फोटो काढतो तेव्हा त्याची जी पहिली फाइल होते तिला त्या धंद्यात 'रॉ' म्हणतात. ती भलतीच जड असते, साध्या फोनवर उघडत नाही, दिसायलाही फिकट, निस्तेज. पण कॅमेऱ्याच्या डोळ्याला जेवढं दिसलं तेवढं सगळं तिच्या पोटात असतं. अंधारात उभा असलेला माणूससुद्धा तिच्यातून उजेडात आणता येतो. मग तिच्यावर काम करून तिची नेहमीची फोटोची फाइल बनवायची, जी कुणालाही पाठवता येते, छापता येते. ती सुटसुटीत असते, पण तिच्यात जे काळं झालं ते काळंच राहतं. मामाच्या दुकानात इंग्रजी नावांना कुणी विचारत नव्हतं. पहिले ते कच्चे, दुसरे ते पक्के. आणि कच्च्याचे पक्के करणारी म्हणून ही पक्कीताई.

रोजचं काम असं चालायचं. मामा फोटो काढून यायचा, ही ते कॉम्प्युटरवर घ्यायची. ज्यांत कुणाचे डोळे मिटलेत, कुणी जांभई देतंय, असे मामा दाखवायचा आणि म्हणायचा, "हे काढून टाक." बाकीचे पक्के झाले की पुढच्या खोलीतून हाक यायची, "झाले का गं पक्के?" "झाले!" "मग कच्चे काढून ठेव." म्हणजे खणातली काळी डबी कॉम्प्युटरला जोडायची, कच्चे तिच्यात उतरवायचे, आणि मगच इथली जागा मोकळी करायची. डबी जोडा, वाट बघा, ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकताना बघत बसा. पक्कीताईला ही वाट बघणं म्हणजे शिक्षा वाटायची.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाचे फोटो मामाने काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कीताई ते घेऊन बसली. भाषणं झाली, हारतुरे झाले, आणि मग एक फोटो आला. सिस्टर हातात फुलं घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या उतरतायत, माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत, आणि त्यांच्या मागे बाजूचं एक उघडं दार. दारात अंधार. सवयीप्रमाणे तिने अंधार कमी करून बघितला. दारापलीकडचा बोळ उजळला, आणि बोळात चौकटीला टेकून उभा असलेला एक माणूस दिसला. पण त्याच्याबरोबर एकावर एक रचलेल्या मोडक्या खुर्च्या दिसल्या, भिंतीवरची ओल दिसली, एक बादली आणि पोछासुद्धा दिसला.

"शी, काय पसारा हा!" असं म्हणून तिने तो बोळ परत अंधारात लोटला. वर आणखी थोडा काळा केला. आता सिस्टर कशा झळकल्या! चेहऱ्यावर उजेड, मागे स्वच्छ काळोख. पक्कीताई स्वतःवरच खूश झाली.

सगळे पक्के झाले तेव्हा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला होता, जागा संपली म्हणून. मामा पुढे शाळेच्या खेळांना जायची तयारी करत होता. तिथूनच त्याने विचारलं आणि हिने "झाले!" म्हणून सांगितलं. नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून एक मोटारसायकल ठणाणा करत गेली. मामाचं वाक्य भिंतीपलीकडून आलं ते "कच्चे काढून..." एवढंच. पुढचं 'ठेव' मोटारसायकलीने खाल्लं. दोन शब्द, ठेव आणि टाक. रोज दोन्ही त्याच तोंडून यायचे आणि रोज ती ते नीट पाळायची. त्या दिवशी कानाला जे ऐकू आलं नाही ते हाताने स्वतःच ठरवलं. तिने कच्चे पुसले, कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि जागा कशी मोकळी झाली ते बघून तिला अगदी हलकं वाटलं. मामाने कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं केलं आणि तो खेळांना गेला. कार्डावर दिवसभर धावणारी पोरं भरत राहिली.

मग एका दुपारी सिस्टर दुकानात आल्या. बाई उंच, शिडशिडीत. साऱ्या दवाखान्याला धाकात ठेवलेला आवाज, पण त्या दिवशी तो आवाज अगदी खाली आला होता. त्यांनी पर्समधून फोटो काढून काउंटरवर ठेवला. पायऱ्या उतरतानाचाच.

"या दारात कुणी उभं होतं का हो?" त्यांनी मामाला विचारलं. "मला पायऱ्यांवरून वाटलं, कुणीतरी आहे. डोळ्यांवर दिवे होते, नीट दिसलं नाही. खाली उतरून जाईपर्यंत कुणी नव्हतं."

"कोण असायला हवं होतं?" मामाने हळूच विचारलं.

"माझा मुलगा. घर सोडून गेलाय. आमचं बोलणं नाही. तो आला असेल असं वाटत नाही, पण..." त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. "तेवढा चेहरा दिसला तर बरं होईल."

मामा एकदम खुलला. असं काम त्याला फार आवडायचं. "अहो सिस्टर, एवढंच ना? हा पक्का आहे, यात अंधारच दिसणार. कच्च्यात सगळं असतं. आत्ता काढून देतो. अगं ए, सिस्टरांचा तो कच्चा काढ बरं."

पक्कीताई मागे जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली, उगाच इकडची तिकडची फोल्डरं उघडत राहिली, खणातली डबी जोडून बघितली, जणू काही फाइल स्वतःच्या पायांनी तिच्यात चालत गेली असेल. मामा मागे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे सिस्टर. आता सांगायचं, ती मनात म्हणाली. 'मामा, माझ्या हातून पुसले गेले.' एवढंच तर वाक्य. पण दारात ती बाई अशी उभी होती की तिच्या तोंडाकडे बघवेना. मग पक्कीताईने पक्काच फोटो मोठा केला, त्यातला अंधार ओढूनताणून उजळवला. काळ्याचं करडं झालं आणि त्यावर नुसते ठिपके उठले.

"कच्च्यातही काही आलेलं नाही, मामा," ती म्हणाली. "आत अंधारच आहे."

गेला शब्द तोंडातून. मामा चष्मा वर करून, खाली करून त्या ठिपक्यांकडे बघत राहिला. मागच्याच वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. भाची सांगते म्हणजे तो कच्चाच असणार, त्याने तपासलंसुद्धा नाही. तो सिस्टरांकडे वळला आणि हात जोडले.

"माफ करा मला. चूक माझी आहे. उजेडाचा अंदाज चुकला माझा. एवढा काळोख यायला नको होता."

"असू दे हो," सिस्टर म्हणाल्या. फोटो पर्समध्ये घातला आणि गेल्या. पायरी उतरताना एकदा चुकल्या, सावरल्या.

त्या दिवसापासून पक्कीताईच्या जिवाला चैन पडेना. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे ती सगळं खोकं उचलून घेऊन गेली, गुपचूप. तो म्हणाला, "ताई, पुसलेल्या जागेवर दुसरे फोटो बसलेत. आता नाही निघत." तिने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा तो वैतागला. घरी सासूने डब्याचं झाकण हरवलं म्हणून विचारलं तर ही रडायलाच लागली. सासू घाबरली बिचारी, म्हणाली, "अगं, झाकणच गं ते!" मनाची समजूत घालायला तिच्याकडे युक्तिवाद खूप होते. मोटारसायकल नव्हती का? मामा 'टाक' म्हणाला नसेल कशावरून? माणसाला ऐकू येतं तेच तो करणार ना? पण हे सगळं पुसण्यापुरतं. पुढचं जे ती धडधडीत खोटं बोलली, तिथे कुठलीच मोटारसायकल नव्हती.

आणि एक गोष्ट तिला सगळ्यांत जास्त टोचायची. कच्च्यात माणूस होता. त्या माऊलीला हवं ते उत्तर तिच्या एकटीच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते सांगायचं तर आधी आपलं खोटं सांगायचं, दुसरा मार्ग नव्हता. म्हणून ती मूग गिळून बसली होती, आणि प्रत्येक दिवसागणिक ते जास्तच कठीण होत होतं.

मग मामी दुकानात आली. मामीचं काम सहसा दुकानात नसायचं. ती पक्कीताईला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, तुझ्या मामाचं काय बिनसलंय? जेवताना एक डोळा झाकतो आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचतो. मग दुसरा झाकतो. मला म्हणतो, सांग बरोबर वाचतोय का. काल एका लग्नाचं काम आलं होतं, तर फोनवर सांगितलं, मोठी कामं आता बंद केली, डोळे दगा देतात. पण डॉक्टर तर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. तुला काही बोललाय का?"

"नाही," पक्कीताई म्हणाली. हे दुसरं खोटं, आणि हे तिला पहिल्यापेक्षा जड गेलं.

मामी गेली. मागच्या खोलीत मामा स्टुलावर बसला होता, मांडीवर कॅमेरा, हातात पुसायचं फडकं. पुसत नव्हता, नुसता धरून बसला होता.

"मामा, तुझे डोळे चांगले आहेत," पक्कीताई म्हणाली.

"हं."

"अरे, खरंच चांगले आहेत. त्या कच्च्यात सगळं आलं होतं. बोळ आला होता, खुर्च्या आल्या होत्या. माणूस आला होता. मी बघितला. आणि मग मी कच्चे पुसून टाकले. तुला दाखवला तो पक्का होता."

मामाने फडकं खाली ठेवलं. तिला वाटलं होतं तसा तो ओरडला नाही.

"मीच 'टाक' म्हणालो असेन," तो म्हणाला. "बोलतो मी कधीकधी."

हे ऐकून तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आयती वाट होती. हो म्हटलं की सुटली. "नाही रे," ती म्हणाली. "तू 'ठेव'च म्हणाला असणार. मला पुढचं ऐकूच आलं नाही आणि मी विचारलं नाही. घाई. नेहमीची."

"पुसले त्याचं काही नाही गं." आता मात्र त्याचा आवाज चढला. "माणसाच्या हातून होतं. माझ्या हातून एका लग्नाचं अख्खं कार्ड गेलंय, तू लहान होतीस तेव्हा. पण तू मला त्या बाईसमोर हात जोडायला लावलंस! मी इथे एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचतोय वेड्यासारखा, आणि तू शेजारी बसून खटाखट कळा दाबतेयस? काय माणूस आहेस का कोण आहेस?"

ती रडली. त्याने रडू दिलं. मग म्हणाला, "माझ्याजवळ रडून काय उपयोग? तू त्याला बघितलंस म्हणालीस ना? मग जा त्यांच्याकडे. मी येणार नाही. एकटी जा."

सिस्टरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, इतकं लख्ख की पक्कीताईला एरवी आनंद झाला असता. टेबलावर फक्त चष्मा आणि तो फोटो. ती बसलीही नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: पुसलं ते, खोटं बोलली ते, मामाची चूक नव्हती ते, आणि बोळात माणूस होता ते.

सिस्टरांनी पहिल्या तिन्ही गोष्टी ऐकल्याच नाहीत. "होता?" त्या म्हणाल्या. "कसा होता?"

आणि इथे पक्कीताईची खरी परीक्षा झाली. तिने डोळे मिटले. खुर्च्या स्पष्ट दिसल्या. बादली दिसली. भिंतीवरची ओल कुठून कुठवर होती तेही ती रेघ मारून सांगू शकली असती. माणूस चौकटीला टेकलेला, अंगात फिका शर्ट, हात बहुतेक बांधलेले. चेहरा? चेहरा होता. दिसलाही होता. पण तिने तो बघितलाच नव्हता. ती पसारा बघत होती.

सिस्टरांनी कपाटातून एक जुना फोटो आणला. विशीतला मुलगा, कपाळावर केस, हसू दाबून धरलेलं. "हा का?"

हो म्हणावं असं पक्कीताईला इतकं वाटलं की जिभेवर आलं. काय बिघडणार होतं? एका बाईला झोप लागली असती. पण तिने त्या घरात यायचं ठरवलं होतं ते खोटं संपवायला, आणखी एक गोड खोटं हातावर ठेवायला नव्हे.

"नाही सांगता येत, सिस्टर," ती म्हणाली. "असेल. नसेलही. मी नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं."

सिस्टर खुर्चीत बसल्या. पक्कीताईला वाटलं, आता बोलतील, हाकलतील, आणि तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"माझं मन म्हणतं, तोच होता," सिस्टर म्हणाल्या. "पण मन काय, रोजच म्हणतं. बस थांबली तरी म्हणतं, जिन्यात पाऊल वाजलं तरी म्हणतं. म्हणून तर फोटो हवा होता गं मला."

"मला माफ करा."

"मीच बोलले होते त्याला, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस म्हणून." फोटोतल्या काळ्या दाराकडे बघत त्या बोलत होत्या. "जन्मात कधी माझं ऐकलं नाही त्या मुलाने. नेमकं हे एवढंच ऐकलं."

डोळे पुसायला पक्कीताईला पदरही वर नेववेना. सिस्टरांनी फोटो टेबलावर तिच्यासमोर सरकवला.

"कुठे होता चेहरा? नेमका कुठे, ते तरी दाखव."

तेवढं मात्र तिला माहीत होतं. तिने वाकून त्या काळोखावर बोट ठेवलं, चौकटीच्या कडेपासून जरासं आत. सिस्टरांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या तिच्या नखाशेजारच्या काळ्या कागदाकडे बघत राहिल्या. वाकून वाकून पक्कीताईची पाठ भरून आली, तसं तिने बोट हळूच उचलायला घेतलं.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "काढू नकोस."